तुमची स्कूटर इटलीची नाही, मामा

ती. बाबासो मामांना,
घणसोलीवरून रण्याचा पार वाकून नमस्कार (एवढा वाकलो म्हणजे काहीतरी केलंय, हे तुमी ओळखलंच असेल). गुडघा काय म्हणतो? मामीचा राग उतरला का? (मेंदीच्या कोनात टूथपेस्ट भरलेली, एवढंच ना.) आमी इकडे मजेत. तुमची स्कूटर वाचली, टेन्शन संपलं, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

तुमी गावाला गेल्यापासून ती पार्किंगमध्ये धूळ खात उभी. मागच्या महिन्यात सोसायटीची नोटीस लागली, रविवारपर्यंत सगळं भंगार हलवा, नाहीतर भंगारवाला उचलेल. फक्त इतिहास असलेली जुनी गाडी असली तर राहू दे. मग मी इतिहास लिहिला (दहावीला त्यात पस्तीस पडलेले, पण गरज पडली की येतो). ही गाडी इटलीत जन्मली, जहाजातून मुंबईला उतरली, असं पुठ्ठ्यावर लिहून हँडलला लटकवलं. सेक्रेटरी नमिता मॅडमनी वाचलं आणि खरंखोटं बघायला सी विंगचे शहाजीकाका आणले. आकुर्डीच्या कारखान्यात तीस वर्षं स्कूटरी जोडलेला माणूस, मामा.

काका म्हणाले चालू करून दाखव. सात किका मारल्या, ढिम्म. मग हाताला सवय, मी गाडी जमिनीला टेकेपर्यंत आडवी केली, उभी केली, आठव्या किकला सुरू. सगळं पार्किंग धुरात. काका हसत खालीच बसले.

"बाळा, इटलीची गाडी कुणी अशी झोपवतं का? ही आमच्याकडची."

मग खरा इतिहास सुरू झाला. आधी सुटे भाग इटलीवरून पेट्यांतून यायचे, इकडे नुसते जोडायचे. हळूहळू एकेक भाग इथंच बनायला लागला, पुढे करार संपला, गाडीचं नाव बदललं, रूप तेच राहिलं. तुमची त्याच्या नंतरची. पत्र्यावरचा नंबर काकांनी अंगठ्याने पुसला, नातवाचं नाक पुसावं तसा. मला वाटलं, गेली गाडी. पण त्यांनी माझा पुठ्ठा उलटा करून मागच्या बाजूला हे सगळं लिहिलं, खाली सही ठोकली आणि मॅडमना म्हणाले, "हिला हलवायची तर आधी मला हलवा."

गाडी जागेवर. त्या रात्री मी दोन ताटं जेवलो.

मोठ्यांना नमस्कार, बारक्यांना टपली.
तुमचाच,
रण्या

ता. क. काका दर रविवारी गाडी पुसतात. मला हात लावू देत नाहीत.

ता. क. २. सोसायटीला एकदम भंगार कसं आठवलं, असं तुमी विचारणारच. मार्चमध्ये मी गंमत म्हणून तुमच्या गाडीवर 'फुकट न्या' अशी पाटी लावलेली. तीन भंगारवाले एकाच वेळी आले आणि गेटवर जुंपली. नोटीस त्यावरूनच निघाली. मॅडम तुमाला फोन करणार आहेत. तुमी सांगा, 'पाटी मीच लावली.' तुमी एवढ्या लांब, तुमाला कोण काय करणार. आणि खाली नाव तसंही तुमचंच टाकलेलं.