पाण्यावरचं पान

३ जून

पान! माझ्या वाटेवर पान!

सकाळी जहाजातून उतरलो, सांतो बेटावरून आणलेला माल दुकानात टाकला आणि सहज ओढ्याकडे गेलो. वरच्या धबधब्याची वाट सुरू होते तिथं, दोन झाडांच्या मधे, नामेलेची झावळी गाठ मारून आडवी बांधलेली. म्हणजे वाट बंद. पुढं जायचं नाही, पाण्यातलं काही उचलायचं नाही. गेलात तर दंड म्हणून डुक्कर द्या.

गाठ बघितली. उलटी. डावखुऱ्याची. बेझिलदादाची!

ईस्टरपासून सख्खा भाऊ माझ्याशी बोलत नाही. का, तर मी किनाऱ्यावर पाटी लावली — ‘जेरोमचा धबधबा’. शिडाच्या होड्या इथं नांगर टाकतात, पाहुण्यांना कळायला नको? दादा पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. “आजोबांनीसुद्धा त्या पाण्याला आपलं नाव दिलं नाही. तू त्यांच्या आधी जन्मलास काय रे?” एवढं बोलून गेला, तो गेलाच.

आता हे. पाटी खुपते, म्हणून वाटच बंद!

४ जून, रविवार

संध्याकाळी नकामलमध्ये, गावच्या पुरुषांच्या बैठकीच्या घरात गेलो. बाहेरूनच ऐकू येत होतं, गडी कावाच्या मुळ्यांचा रस पिऊन रंगात आलेले. मी वाकून आत शिरलो आणि सगळे गप्प! मुखिया गराएबाबानं करवंटी पुढं केली. “काय जेरोम, सांतोत पाऊस होता काय?” पाऊस म्हणे! पण शिरण्याआधीचं मी ऐकलं होतं — “त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.” माझे कान गावात प्रसिद्ध आहेत. जहाज टोकाला वळसा घालायच्या आत मला त्याचं इंजिन ऐकू येतं.

म्हणजे सगळं गाव दादाच्या बाजूला.

घरी बायको लिया म्हणाली, “भाऊ आहे ना? जाऊन विचारा की.”

“मोठा तो आहे. आधी त्यानं बोलावं.”

“मग बसा दोघं. आपल्या एड्नाच्या लग्नात एकमेकांकडे पाठ करून जेवा.”

खोबऱ्याची पोती खांद्यावर वाहून वर आलेला माणूस मी. आयुष्यात कुणाचं दार विचारायला ठोठावलं नाही. आता सुरुवात करू?

९ जून

न्यूझीलंडची होडी आलीय. नवराबायको, साधी माणसं. पाटी वाचून थेट दुकानात. “धबधबा दाखवाल?”

बंद आहे म्हणणार होतो. तोंडून गेलं, “उद्या.”

पान वाटेवर बांधलंय. पाण्यावर नाही!

१० जून

ओढा समुद्राला मिळतो तिथंच पाण्यात उतरलो आणि शेवटपर्यंत काठाला पाय लावला नाही. कायदा म्हणजे कायदा. बाईच्या पायात भारी बूट, पहिल्याच डोहात दोन्ही भरले, आणि ती अशी हसली की पाखरं उडाली. नवरा मात्र प्रत्येक दगड दोनदा चाचपणारा.

अळूच्या खाचरांखाली मी तोंडावर बोट ठेवलं. वर दादा चिखलात काम करत होता — चपचप आवाज येत होता. आवाज थांबला. आम्हीही थांबलो. पुन्हा सुरू झाला. सुटलो म्हटलं.

वरच्या अंगाला दगड शेवाळलेले. “पाऊल आडवं टाका, पाण्याशी भांडू नका,” मी त्यांना सांगितलं, आणि सांगता सांगता लक्षात आलं — हे वाक्य माझं नाही. दादा मला खांद्यावरून उतरवायचा आणि इथंच, याच दगडांवर शिकवायचा. बाईनं विचारलं, “वडिलांनी शिकवलं का?” मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे!

मग ते वळण. मोठा नाही आमचा धबधबा. दोन काळ्या कातळांमधून एकच धार, बाजूला वडाच्या मुळ्या लोंबलेल्या, ऊन फक्त माथ्याला. त्या आवाजात माझे कानसुद्धा निकामी. बाई रडत होती वाटतं. पण तिथं सगळ्यांचीच तोंडं ओली असतात.

डोहात वाकलो आणि थक्क झालो. कोळंबी! लहानपणापासून एवढी पाहिली नव्हती. बोटाएवढी, हाताएवढी, दगडादगडाखाली. आणि तळाशी खोवलेल्या खोबऱ्याचा ताजा चुरा. अच्छा! गावाला बंदी आणि हा स्वतः खोबरं टाकून गुपचूप पकडतोय!

मग मीही मागं राहिलो नाही. टोपली भरली. बांबूच्या नळीत घालून तिथंच भाजली, उरलेली पाहुण्यांना दिली. पोटभर खाल्ली.

चव लागली नाही म्हणणार नाही. लागली. पण परत येताना पाय जड होते.

१३ जून

दुकान माणसांनी भरलेलं. होडीवाली बाई निरोप घ्यायला आली आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, “ती कोळंबी! आयुष्यात विसरणार नाही!”

एक म्हातारी हातातला साबण परत ठेवून निघून गेली.

१४ जून

नकामल. गराएबाबानं विचारलं, “पान कुणी मोडलं?”

माझं उत्तर तयार होतं — पान वाटेवर, मी पाण्यात. तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून दादा उठला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“माझ्या घरातल्यानं मोडलं.”

बाहेर गेला. त्याचं सुळे वळलेलं डुक्कर, जे पोरासारखं वाढवलं, ते दोरीनं ओढत आणलं आणि खुंटाला बांधून घरी गेला.

१५ जून

हिल्डावहिनी दुकानाच्या मागच्या दारी आली. हातात परडी, परडीत खोवलेलं खोबरं.

“भावोजी, हे घ्या. आता कुणाला घालू?”

मला कळलं नाही. ती म्हणाली, “रोज सकाळी तुमचे दादा खोबरं खोवायचे आणि कोळंबीसाठी डोहात टाकून यायचे. एड्नाच्या लग्नात पोरीच्या मोठ्या काकाकडून कोळंबीचं ताट म्हणून. तुम्ही सांतोला गेलात त्याच दिवशी पान बांधलं. सगळ्या नकामलला दम दिला, जेरोमच्या कानावर गेलं तर बघा. लग्नाच्या दिवशी टोपल्या घेऊन तुमच्या दारात येणार होते. भांडण असं मिटवायचं होतं त्यांना. आता पान मोडलेल्या डोहातलं लग्नाच्या ताटात कोण वाढणार? बोलायला कुठं येतं तुमच्या दादाला?”

“त्या दिवशी — आम्ही ओढ्यातून जाताना त्यानं पाहिलं?”

“पाहिलं. मी म्हटलं, हाक मारा. म्हणाले, पुढं जाऊन खोबरं बघेल, त्याला कळेल.”

मला कळेल! खोबरं बघितलं आणि मी त्याला चोर ठरवलं.

परडी अजून स्वयंपाकघरात आहे. लियानं हात लावला नाही. मीही नाही.

१६ जून

पाटी उपटली. चुलीत घातली. रंगाचा धूर डोळ्यांत गेला.

१ जुलै

रोज दादाच्या खाचरात जातो. तो एका टोकाला चिखल तुडवतो, मी दुसऱ्या. हाकलत नाही. बोलतही नाही. माझं सगळ्यात चांगलं डुक्कर त्याच्या कुंपणात सोडून आलो होतो — संध्याकाळी ते परत माझ्या दारात. काल मी अळू उलटं लावलं. त्यानं येऊन उपटलं, सरळ लावलं, गेला.

२२ जुलै

एड्नाचं लग्न झालं. पोर सुंदर दिसत होती. जेवणात केळीच्या पानात भाजलेला कंदाचा लापलाप, आणि कोळंबीच्या जागी माझ्याच दुकानातले डब्यातले मासे. दादा आला, मागं बसला, ते मासे मुकाट्यानं शेवटच्या घासापर्यंत खाल्ले. एड्नाच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

९ सप्टेंबर

सकाळी ओढ्यावर “ए जेरोम!” ऐकलं. दादा! पलीकडच्या काठावर उभा, हातात लांब वेल, वेलीला नामेलेचं पान. “बघतोस काय, दुसरं टोक धर. या खेपेला पाण्यावर बांधायचं. पाण्यातून येणारा चोर माहीत आहे मला.”

धरलं. त्यानं ताणलं, मी ताणलं. मग विचारलं, “दादा, आता कशासाठी?”

“बारशासाठी.”

“कुणाच्या?”

तो पहिल्यांदा हसला. “अजून तुझ्या कानावर आलं नाही? घरी जा, एड्नाला विचार.”