यांनी लावलेलं ड्रॅगन फ्रूट

गुरुवार, संध्याकाळ

आज शेजारची सुनंदा पुन्हा ड्रॅगन फ्रूटची फांदी मागायला आली. "काकू, काहून इतका जीव लावून राहिल्या त्या काट्याले? शेंडे कापा, तेव्हाच फूल येते." खरं आहे, मीही तेच वाचलंय. पण ते झाड यांनी लावलेलं. आणलेली फांदी आधी सावलीत सुकवली, खालचं टोक कळावं म्हणून तिच्यावर पेनाने बाण काढला. मी हसले तर म्हणाले, "हस वं, उलटी लावशील अन् मलेच बोलशील." फळ खायला मात्र थांबले नाहीत.

तेव्हापासून मी सुरी लावली नाही. फांद्या खांबावरून खाली लोंबल्या, पण फूल एक नाही. मी झाड जपलं की अडवून धरलं, कोण जाणे.

सुनंदासमोरच शेवटी दोन शेंडे कापले. दोन्हींवर बाण काढला. एक तिला दिला. दुसरा सुकेपर्यंत सावलीत हवा, म्हणून पलंगाखाली ठेवला, यांच्या बाजूला. ती बाजू मी रोज झाडते. तिथे काही ठेवलं ते आजच.