आकडे माझेच होते

प्रिय सोन्या,

सोमवारी चौकशी समितीपुढे तुझी सुनावणी आहे, हे तुझ्या आईने मला तीनदा फोन करून कळवलं, दर वेळी रडून. पोराची नोकरी जाईल म्हणते. मी तिला सांगितलं, माझीही गेली होती. माणूस मरत नाही, भाजी निवडायला वेळ मिळतो.

त्या दुपारी अर्ध्या शहराची वीज गेली तेव्हा मी लिफ्टमध्ये होते. दोन मजल्यांच्या मध्ये, पंचावन्न मिनिटं, वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांबरोबर. ते पवनचक्क्यांना शिव्या घालत होते. मी म्हटलं, त्या बिचाऱ्या वारा असेल तितक्याच फिरणार. घोळ माणसाचा असतो. कुणाचा, ते मला तिथे उभ्या उभ्याच कळलं होतं.

तू नियंत्रण कक्षात लागलास तेव्हा मीच तुला शेजारी बसवून शिकवलं. डोंगरावरचा वारा अचानक पडला की वीज कमी पडते. मग एक तर लोकांच्या घरात अंधार करायचा, नाही तर मोठ्या गिऱ्हाइकांना फोन करून घटकाभर यंत्रं थांबवायला लावायची. बावीस वर्षं मी ते फोन केले. प्रत्येकाचं एक कार्ड होतं: कोण किती वीज सोडणार, किती वेळ. पण कार्डावर असायचं ते लोकांनी सांगितलेलं. खरं काय ते बोलता बोलता कळायचं. बर्फवाला दोन तास म्हणायचा, मोठेपणाची हौस. चाळिसाव्या मिनिटाला त्याचा धीर सुटायचा आणि गुपचूप यंत्रं चालू. लाँड्रीवाली दहा मिनिटांवरून कटकट करायची, पण गुडघा कसा आहे विचारलं की तासभर द्यायची. पाण्याच्या पंपावरचा गडी टाकी भरलीय म्हणायचा, न बघता. त्याला शिडीवर चढवल्याशिवाय मी त्याचा आकडा कधी धरला नाही.

मग तू साहेब झालास. गप्पांना पगार कशाला, असं वर लिहून दिलंस आणि तीन वर्षं आधीच मला घरी बसवलंस. निरोपाच्या दिवशी भर सभेत म्हणालास, मावशीने बावीस वर्षं फोनवर गप्पा मारून दिवे चालू ठेवले. लोक हसले. मीही हसले. अपमान गिळताना पाठ ताठ ठेवावी, हे कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी पक्कं करून घेतलं होतं.

कार्डं सोपवताना मी तुला बस म्हटलं, प्रत्येकाचं थोडं सांगते म्हटलं. तू घड्याळाकडे बघत म्हणालास, "मावशी, गप्पा नकोत. फक्त आकडे दे."

दिले. आठवड्याने मोबाइलवर लिहिलंही, की कार्डांवर डोळे मिटून विसंबू नकोस, एकदा येऊन जा. तू अंगठा पाठवलास. आमच्या काळी अंगठा निरक्षर लोक उठवायचे. तिसऱ्यांदा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. वारा पडायची वाट पाहत बसले. ते पाप माझं, आणि मी ते लपवणार नाही.

तुझ्या संगणकाने कार्डांची बेरीज करून दोन तास निर्धास्त राहा म्हणून सांगितलं. बर्फवाला चाळिसाव्या मिनिटाला फिरला, टाकी रिकामी निघाली म्हणून पंपही सुरू झाला आणि अर्धं शहर अंधारात गेलं.

गेल्या रविवारी तू घरी आलास. दोन वर्षांत पहिल्यांदा चहा पूर्ण प्यालास आणि समितीला दाखवायला एक ओळ लेखी मागितलीस: आकडे मावशीचेच होते. मी निवृत्त, माझं आता काय बिघडणार, असं तुझं म्हणणं. विचार करते म्हटलं होतं. केला. तर घे लेखी: आकडे माझेच होते. एका ओळीत मावलं नाही, त्याला माझा इलाज नाही. सुनावणीत पूर्ण वाच, मधलं काही गाळू नकोस. समितीच्या अध्यक्षांसमोर दुसरी प्रत असेल. सही करून ती मी आज सकाळी स्वतः त्यांच्या हातात दिली आणि पोच घेतली. सोमवारी मीही येते आहे, पुढच्या रांगेत.

तुझीच,
मावशी
(तिथे मात्र मला बाई म्हणायचं.)