चौदा अंशांतली तिरंदाजी

चि. निंबा यास प्रमिलाताईचे आशीर्वाद. तुझी सर्दी उतरली असेल, हर्षदाचे गुडघेही बरे असतील. आमची खुशाली विचारू नकोस, सांगतेच.

तू शहाद्याहून बांबूचं धनुष्य पाठवलंस आणि तुझ्या दाजींनी डिंडोलीच्या आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर सांगून ठेवलं की आमच्या खानदेशात लहान मूलसुद्धा बाण मारतं. (बँकेतल्या पस्तीस वर्षांत या माणसाने टाचणीखेरीज टोकदार काही हाती धरलेलं नाही.) त्यात पर्वत पाटियाचे धर्मेंद्रभाई भेटले. ते साड्यांचं दुकान चालवतात आणि मोबाइलवर बघून तिरंदाजी शिकवतात. त्यांनी रविवारी सकाळी सातला बारा जणांना कामरेजच्या एका शेतावर बोलावलं. मला डबा सांभाळायला नेलं.

थंडी म्हणशील तर चौदा अंश. तेवढ्यात मंडळी अशी गुंडाळून आली होती, की कोण कोण ते चपलांवरून ओळखावं लागलं. यांच्या अंगात दोन स्वेटर, वर कानटोपी, मफलर आणि माझे स्कूटरचे हातमोजे. थंडीत बांबू ताठरतो, आधी थोडं थोडं ओढून तो सैल करावा, ही तुझी चिठ्ठी मी यांना दोनदा वाचून दाखवली होती. पण गुरुजी म्हणाले शेकोटीवर धरा, आणि यांनी पोंक, म्हणजे आपला हुरडा, भाजावा तसं धनुष्य भाजलं.

पहिल्या बाणाला दोरीत मफलर अडकला, मान पुढे ओढली गेली आणि बाण यांच्याच बुटाशी पडला. दुसरा हातमोज्यातून निसटून शेजारच्या उसात गेला. तो शोधायला चौघे गेले आणि ऊस खात परत आले. (बाण नाहीच सापडला.) तिसरा यांनी मारलाच नाही. "या गारठ्यात बोटं चालत नाहीत," म्हणाले आणि शेकोटीपाशी जाऊन बसले.

शेवटी धनुष्य मोडलं. आता हे सोसायटीत सांगतात, मी असं ताणलं की बांबूच कडाडला. लोक ऐकून घेतात. समोरची प्रियांका तर हात जोडते.

तुझी,
प्रमिलाताई

ता. क. : दुसरं धनुष्य पाठव.

ता. क. २ : तुझ्यापासून काय लपवू? धनुष्य यांच्या हातून मोडलेलं नाही. हे शेकोटीपाशी मान खाली घालून बसले, ते मला बघवेना. डबा ठेवला, शाल काढली आणि धनुष्य उचललं. धर्मेंद्रभाई म्हणाले, "काकी, तमे रेवा दो, हाथ दुखी जशे." (राहू द्या म्हणे, हात दुखेल.) एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात माझा, तो कसला दुखतोय? तू लिहिलंस तसं दहा वेळा अर्धं अर्धं ओढलं, मग बाण लावून सोडला. बाण निशाण म्हणून ठेवलेल्या पेंढ्याच्या ऐन मध्यात रुतला. हे उठून उभे राहिले. "प्रमिला, आणखी एक," म्हणाले. मी आणखी एक ओढला आणि धनुष्य नेमकं भाजलेल्या जागी मोडलं. कोणी काही बोलायच्या आत यांनी दोन्ही तुकडे माझ्या हातून घेतले आणि सगळ्यांना सांगितलं, "तडा माझ्याच हातून गेला होता." डिंडोलीला पोचेपर्यंत त्या तड्याचं काय झालं, ते वर लिहिलंच आहे. मी खोडून काढलेलं नाही.

तर दोन पाठव. यांचं हलकं चालेल. माझं जरा जाड बांबूचं बघ.