कानशीच्या पाच रेघा

शनिवार, ९ मार्च १९९६

घेतलं! १८०३ चं पाच डॉलरचं सोन्याचं नाणं. लँकेस्टरच्या नाणेप्रदर्शनात, नाण्यांचा जुना व्यापारी स्टाउफर याच्या टेबलावर. अडीच वर्षं लोकांची छपरं शाकारून साठवलेलं सगळं गेलं. पण म्हाताऱ्याने आपणहून दीडशे डॉलर उतरवले. का? "तुझं तोंड बघून, पोरा," म्हणाला. माझं तोंड बघून आजवर कुणी काही स्वस्त दिलेलं नाही.

रविवार, १० मार्च

आठ वेळा वजन केलं. बरोबर भरलं. मग स्वस्त का?

बुधवार, १३ मार्च

वाऱ्यामुळे काम बंद. दिवसभर भिंग आणि मी. मागच्या बाजूला, गरुडाच्या छातीवरच्या ढालीवर पाच तिरप्या रेघा आहेत. ही खोट नव्हे. त्या काळी टाकसाळीत चकती वजनाला जास्त भरली, तर तिच्यावर कानस मारत आणि मग ठसा उमटवत. हाताचं काम – दोन नाण्यांवर सारख्या रेघा येत नाहीत. माझ्या नाण्याची चौथी रेघ मधेच तुटलेली आहे. बरं वाटलं. खोटं नाणं पाडणारा एवढी तसदी घेणार नाही.

– घेईलही.

शनिवार, १६ मार्च

वाचनालयात जुन्या लिलावांच्या याद्या चाळल्या. १९६८ ची एक. मोठा, स्वच्छ फोटो. पाच रेघा, चौथी तुटलेली. माझंच! ओरडलोच, बाईंनी डोळे वटारले.

मग १९७१ चं एक मासिक हाती लागलं. तोच फोटो. खाली: 'घरातून चोरीस गेले. आढळल्यास कळवा – एव्हरेट लॅथ्रप, लिटिट्झ.'

जेवलो नाही.

सोमवार, १८ मार्च

स्टाउफरला दुकानात गाठलं. मासिकाच्या पानाची प्रत पुढे टाकली. त्याने चष्मासुद्धा लावला नाही.

"नाणं ठेव, पैसे उचल."

"तुम्ही कुणाकडून घेतलंत?"

"तू छपरं शाकार, बाबा. चांगली शाकारतोस म्हणे."

"चोराकडून?"

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला. "जा, लॅथ्रपलाच विचार. आहे अजून म्हातारा!"

पैसे घेतले नाहीत. नाणं घेऊन परत आलो. एवढं हसण्यासारखं काय होतं?

गुरुवार, २१ मार्च

द्यायचं नाही. पंचवीस वर्षं झाली. विम्याचे पैसे मिळाले असतील त्याला. कुणाला कळणार आहे?

मला.

शनिवार, २३ मार्च

लिटिट्झला गेलो. लॅथ्रप अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. त्यांची मुलगी व्हर्ना, पन्नाशीची, तिने कॉफी आणि काकवीचा केक दिला. "खा रे, हडकुळा आहेस." नाणं टेबलावर ठेवलं, चेहऱ्याची बाजू वर. म्हटलं, "हे तुमचं आहे बहुतेक. मागे कानशीच्या रेघा आहेत."

म्हाताऱ्याने हात लावला नाही. उलटूनही पाहिलं नाही.

"माझं नव्हे. माझ्या नाण्याची चौथी रेघ अखंड होती."

व्हर्नाच्या हातातली किटली थांबली. चौथ्या रेघेबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं!

"घेऊन जा. तुझं आहे ते," म्हातारा म्हणाला.

माझं! गाडीत बसून रडलो.

रविवार, २४ मार्च

कळलं. फोटोत चौथी रेघ तुटलेली दिसते, तरी लॅथ्रप अखंड म्हणाला. त्याने ते स्वतःच स्टाउफरला गुपचूप विकलं, मग चोरीचा बोभाटा केला आणि विमा उकळला. स्टाउफरने पंचवीस वर्षं दाबून ठेवलं आणि मग माझ्या गळ्यात मारलं. म्हणून हसू! असो. बुडाली ती विमा कंपनी. मी कुणाचं काही घेतलेलं नाही. आठवड्याने पोटभर जेवलो.

मंगळवार, २६ मार्च

व्हर्नाचा फोन: "त्या चोरीपायी माझा भाऊ चार वर्षं तुरुंगात होता. बाबांनीच त्याचं नाव सांगितलं होतं. नाणं घेऊन येशील? बाबा आहेत तोवर त्यांच्या तोंडून खरं काढायचंय."

हो म्हणालो.