बरं हाये, अन् खरं?

माय, तुझी बोटं आता माझ्या हाताला आली आहेत. तशीच, करंगळीकडे झुकलेली. अकोल्याच्या फूलबाजारात तू शेवंतीचे हार गुंफायचीस आणि मी शेजारी झेंडू निवडत बसायची, तेव्हा मला वाटायचं, दोरा ओढून ओढून बोटं अशी होतात. दोऱ्यानं नाही होत गं. संधिवात आहे तो, घराण्यात उतरतो म्हणे.

सरकारी दवाखान्यातला तो दिवस मला अजून दिसतो. डॉक्टर विचारतात, कसं आहे बाई? तू पदर सावरतेस आणि म्हणतेस, बरं हाये. ते तसंच कागदावर लिहितात, जुन्याच गोळ्या देतात आणि पुढच्याला हाक मारतात. बाहेर नळावर तुला तोटी फिरवता येईना. मी चिडले. आत सांगितलं कावून नाही म्हणून तुझ्यावरच खेकसले. तू शांतपणे म्हणालीस, "एक डाव इचारलं तर बरंच म्हणा लागते. त्यानं दुसऱ्यांदा इचारलंच नाही." खरंच होतं तुझं. शेजारची फूलवाली रोज तब्येत विचारायची, तू बरं म्हणायचीस, मग ती तुझ्याजवळ बूड टेकून म्हणायची, "अन् खरं?" तेव्हा कुठं तू सगळं दुखणं सांगायचीस आणि ती तुझे उरलेले गजरे बांधून द्यायची.

आता अमरावतीत माझा इलाज चालू आहे. तुझ्या नशिबी नव्हती अशी एक सुई निघाली आहे, बोटं वाकायच्या आधीच दुखणं थोपवते. ती किती दिवसांनी द्यायची हे कळावं म्हणून दवाखान्यानं माझ्या फोनमध्ये एक डायरी टाकून दिली. सकाळ झाली की फोन वाजतो, आज कसं वाटतंय? खाली चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. हसऱ्याच्या खाली लिहिलंय, बरं. आता सकाळी सकाळी कोणी असं विचारलं तर माणूस काय म्हणेल? मी बरं दाबायची. धन्यवाद म्हणून ते बंद व्हायचं. मला वाटलं, हा नुसता रामराम झाला, खरं विचारायला दवाखान्यातून कोणी फोन करेल. येडीच मी.

दवाखान्यातल्या स्क्रीनवर माझ्या रोजच्या त्या बरंचीच सरळ रेघ निघत होती. डॉक्टर खूश झाले, रोग आटोक्यात आला म्हणाले आणि पुढची सुई आणखी लांबच्या तारखेवर टाकली. समोर बसल्यावर त्यांनीही एकदाच विचारलं, तेही स्क्रीनकडे पाहत. मी तेच म्हणाले. उन्हाळा सरेस्तोवर बोटं वाकली.

नवा एक्स-रे त्यांनी जुन्याशेजारी धरून पाहिला. मग म्हणाले, "ताई, रोज तर तुम्ही बरं लिहिलंत."

"पयले बरंच म्हणा लागते ना, डॉक्टरसाहेब. मंग खरं सांगाचं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भला माणूस आहे, पण झिजलेला सांधा परत येत नाही, हेही त्यांनाच सांगावं लागलं. माझ्याच्यानं आता दोऱ्याला गाठ बसत नाही. माझ्या हारांच्या दुकानात शेवंती टोपलीतच सुकते. हार गुंफण्याशिवाय मला दुसरं काय येतं? फार भीती वाटते, माय. पुण्याहून लेक रोज फोन करते आणि डायरी भरली का विचारते. भरली म्हटलं की तिला हायसं वाटतं, मग ती आपल्या कामाला लागते.

आता जे असेल तेच दाबा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. काल मी रडका चेहरा दाबला. पडद्यावर हाताचं चित्र आलं, सरळ, तरण्या बोटांचं. दुखतं तिथं बोट टेकवा म्हणे. माझं वाकडं बोट भलतीकडेच लागत होतं. चार वेळा चुकलं, तसा मी फोन पालथा घातला आणि रडत बसले.

हे पत्र तुला नेऊन देणारं कोणी नाही. लेकीला दाखवलं तर ती घाबरेल, म्हणून घडी करून दोऱ्याच्या डब्यात ठेवते. आज सकाळी फोननं पुन्हा विचारलं. सगळं कळत असून मी बरंच दाबलं. धन्यवाद आलं, पडदा काळा झाला, आणि मी फोन मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले, दुसऱ्यांदा विचारेल म्हणून.