कढी, गचके आणि सुमीचा पाय

मंगळवार सांज, जठारपेठ

मी सांगून राहिली, नात सुमी लिहून राहिली. उद्या तिचं लगन. तिले बापाची जुनी स्पोर्ट्स कार सोता चालवत, बँडच्या मागं हळूहळू मांडवात जायचंय. मी अट घातली, सरावात माह्या मांडीवरच्या वाटीतली कढी सांडली तं उद्या मामा चालवीन.

दुपारी सरावाले निघालो. गाडी पळते तेव्हा लोण्यावानी, मंग हळू चालाले गचके कावून देते? कढी लुगड्यावर.

"आजी, मोठ्या गिअरात इंजिन दमते." तिनं दुसरा टाकला. तरी गचके.

मी तिचा एक्सिलेटरवरचा पाय पाह्यला. गचका बसला की उचले, मंग दाबे.

"पाय तसाच ठेव, बाई."

कढी थांबली.

"गाडीले भेत होती का उद्याले?" आता लिहिता लिहिता मी इचारलं.

सुमीचं लिहिणं थांबलं.

लिही, उद्या कढी घेऊन मीच बाजूले बसीन.